त्यातली मेख

भाषाशिक्षक एकमेकांना काय देतात? वर्कशीट देतात, चित्रांचे संच देतात, खेळांच्या याद्या देतात. "माझ्या वर्गात हे जाम चाललं, तूही करून बघ" असं म्हणत फोनवर फोटो पाठवतात. मग तोच खेळ दुसऱ्याच्या वर्गात जातो आणि ढिम्म हलत नाही. मुलांची वयं तीच, पातळी तीच, कागद तर हुबेहूब तोच. तरी तिकडे हशा आणि इकडे जांभया. याचं खापर मुलांवर फुटतं, नाहीतर शिकवणारा स्वतःलाच बोल लावून घेतो. माझ्या मते बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. कागद पोचलेला असतो, त्यातली मेख पोचलेली नसते.

'असा माणूस शोधा' हा खेळच घ्या. परदेशी भाषा शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने तो कधी ना कधी घेतलेला असतो. प्रत्येक मुलाच्या हातात एक कागद आणि त्यावर आठ-दहा चौकटी: पहाटे उठणारा, दोन भावंडं असणारा, पोहता येणारा, अंधाराला घाबरणारा. वर्गभर फिरायचं, त्या भाषेत प्रश्न विचारायचा आणि 'हो' म्हणेल त्याचं नाव चौकटीत लिहायचं. वाचायला झकास. प्रत्यक्षात होतं असं की मुलं आपापले कागद एकमेकांपुढे सरकवतात, समोरचा नुसतं वाचतो, जिथे लागू पडेल तिथे नाव टाकतो आणि कागद परत करतो. बघता बघता सगळे कागद भरतात आणि परक्या भाषेतला एक शब्दही कुणाच्या तोंडून निघालेला नसतो.

आता यात दोन फुटकळ नियम घाला. कागद छातीशी धरायचा, कुणाला दाखवायचा नाही. आणि 'हो' असं उत्तर आलं की पुढचा एक प्रश्न विचारून त्याचं एका शब्दात उत्तर नावापुढे लिहायचं. कधीपासून? कुठे? कशामुळे? आता विचारल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ऐकल्यावाचूनही नाही. हे नियम वर्कशीटवर छापलेले नसतात. ज्याच्या वर्गात खेळ रंगला त्याच्या ते इतके अंगवळणी पडलेले असतात, की सांगावेत असं त्याच्या मनातही येत नाही. अंधाराला घाबरणाऱ्या मुलापुढे 'जिना' असा एक शब्द लिहिलेला दिसला, की त्या एका शब्दासाठी किती बोलणं झालं असेल याचा अंदाज येतो.

मी जर्मन शिकवते, तेही तेरा ते सोळा या वयाच्या मुलांना. लहान मुलं भाषा पटापट उचलतात आणि पुढे ते दार बंद होत जातं, असं सरसकट बोललं जातं. 1978 साली कॅथरिन स्नो आणि मारियान हुफनागेल-होले या दोघींनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिशुवयापासून प्रौढांपर्यंत सगळे त्यात होते आणि सगळे डच शिकत होते. पहिल्या काही महिन्यांत मोठी मुलं आणि प्रौढ पुढे होते; वर्षाच्या शेवटी आठ ते दहा आणि बारा ते पंधरा वयाची मुलं आघाडीवर होती, तर तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यात मागे. उच्चारांची गोष्ट थोडी निराळी, पण एकूण भाषेच्या बाबतीत या वयाचा मेंदू चांगलाच तल्लख असतो.

अडतं ते चारचौघांत. मातृभाषेत हा मुलगा वाद घालून शिक्षकाला निरुत्तर करतो. परक्या भाषेत त्याला 'माझं मांजर काळं आहे' याच्या पुढे जाता येत नाही. स्वतःच्या बुद्धीपेक्षा दहा वर्षांनी लहान होऊन, ज्यांच्या नजरेत आपण मोठं दिसावं असं वाटतं नेमक्या त्यांच्यासमोर बोलायचं, म्हणजे शिक्षाच. सात वर्षांचं मूल टाळ्या वाजवत रंगांचं गाणं म्हणेल. चौदा वर्षांच्या मुलीला ते म्हणायला लावलंत, तर ती तुम्हाला वर्षभर माफ करणार नाही. म्हणून या वयासाठी कुठलाही उपक्रम निवडताना मी दोनच गोष्टी बघते. तोंड उघडायची खरीखुरी गरज त्यात आहे का, आणि चुकलं तर आडोसा आहे का. बाकी रंगीत कागद, कात्री, गोंद, टाळ्या, गुण वगैरे सगळं ऐच्छिक.

गरजेबद्दल बोलायचं तर एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्स्वा ग्वँ या फ्रेंच शिक्षकाची कहाणी सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मन शिकायला गडी हॅम्बुर्गला गेला. आधी व्याकरणाचं पुस्तक आणि 248 अनियमित क्रियापदं तोंडपाठ केली. मोठ्या ऐटीत विद्यापीठात व्याख्यानाला जाऊन बसला, तर एक अक्षर कळेना. मग धातू पाठ केले, भाषांतरं केली, आणि शेवटी तर शब्दकोशातले 30 हजार शब्द घोकले. व्यर्थ. हताश होऊन घरी परतला तर तीन वर्षांचा भाचा घडाघडा बोलत होता. तो पोरगा गिरणी पाहून आला आणि जो भेटेल त्याला गिरणीची हकीकत सांगत सुटला. मग खेळातही गिरणीच चालवू लागला. त्याच्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते एकापाठोपाठ एक घडलेलं होतं. ग्वँने यावरून आपली पद्धत बांधली आणि 1880 साली ती पुस्तकरूपात मांडली: एका साध्या कृतीचे तुकडे करायचे आणि करत करत बोलायचं. मी दाराकडे चालते. दाराजवळ पोचते. थांबते. हात पुढे करते. दाराची मूठ धरते. ती फिरवते.

ही पद्धत जशीच्या तशी मोठ्या मुलांपुढे नेली तर ती हसतील, आणि बरोबरच आहे. पण एक जण बोलणार आणि दुसरा त्याच्या हुकमाबरहुकूम हलणार, असं केलं की चित्र पालटतं. हलणाऱ्याने काही म्हणजे काही आपल्या मनाने करायचं नाही. 'हात पुढे कर' म्हणताना कुठला हात ते सांगितलं नाही, तर त्याने दोन्ही करायचे. 'थांब' म्हणायला उशीर झाला, तर दारावर आपटायचं (हळूच). मुलं मुद्दाम बावळटपणा करतात आणि सांगणाऱ्याला क्रियाविशेषणं, दिशा, शब्दयोगी अव्ययं शोधून शोधून आणावी लागतात. पुढच्या फेरीत तेच दार चोराने उघडायचं, मग पदच्युत राजाने, मग पेपर कोरा सोडून आलेल्या विद्यार्थ्याने. वाक्यं तीच, त्यामुळे तीन-चार वेळा कानावरून जातात आणि कुणालाही उजळणी केल्यासारखं वाटत नाही.

आडोशाची कल्पना मी एका वेगळ्याच ठिकाणाहून उचलली आहे. बल्गेरियाचे गिओर्गी लोझानोव्ह यांनी सजेस्टोपीडिया नावाची पद्धत काढली. आरामखुर्च्या, मंद संगीत, प्रसन्न खोली, आणि त्यातून अफाट वेगाने भाषा शिकण्याचे दावे. दाव्यांवर टीकाकारांनी टीकेची झोड उठवली, आणि आरामखुर्च्या कुठल्या शाळेत मिळणार हा प्रश्न आहेच. पण त्यातली एक गोष्ट मात्र खणखणीत आहे: शिकणाऱ्याला नवीन नाव, नवीन व्यवसाय, नवीन चरित्र द्यायचं. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या वर्गात प्रत्येक जण असं एक माणूस घडवतो. वय अठराच्या वर हवं आणि एक तरी वाईट खोड हवी, एवढ्याच अटी. एक अबोल मुलगी निवृत्त दीपगृहरक्षक झाली, जिला समुद्राचा मनस्वी कंटाळा आहे. एक जण अपयशी जादूगार. मग 'सुट्टीत काय केलंस' याचं उत्तर दीपगृहरक्षक देते. लिंग चुकलं, विभक्ती चुकली तर ती म्हातारीची चूक. शिवाय खऱ्या आयुष्यातलं सांगायला मुलांना नेहमी आवडतं असं नाही. घरी कोण कोण असतं, हा पाठ्यपुस्तकाला निरुपद्रवी वाटणारा प्रश्न एखाद्याला फार जड जातो. सोंगाखाली तोही सोपा होतो.

माझ्या सगळ्यात आवडीचा उपक्रम म्हणजे धावतं श्रुतलेखन. साहित्य: एक छोटा उतारा, चिकटपट्टी आणि सोशिक शेजारी वर्ग. सहा-सात ओळींचा उतारा वर्गाबाहेरच्या भिंतीवर चिकटवायचा. जोडीतल्या एकाने जाऊन वाचायचं, लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं; दुसऱ्याने लिहायचं. ओरडून सांगायचं नाही, जोडीदाराच्या बाकापर्यंत यायचं. अर्ध्यावर अदलाबदल.

पहिल्या खेपेला सगळे हावरटपणा करतात. अख्खं वाक्य डोक्यात भरून निघतात आणि दारापर्यंत येईतो निम्मं सांडतं. दुसऱ्या खेपेपासून शहाणपण येतं. चार-पाच शब्दांचा घास, तोही अर्थाच्या सांध्यावर तोडलेला: कर्ता एका फेरीत, 'टेबलाखालच्या जुन्या पेटीत' दुसऱ्या फेरीत. वाक्य कुठे तुटतं हे मी फळ्यावर कितीही रेघा ओढून सांगितलं असतं, तरी एवढं नेमकं उतरलं नसतं. आणि मग बाकावरून आवाज येतो, "डेन की डेम?" नामाआधी येणारी ही दोन विभक्तिरूपं, फरक शेवटच्या एका अक्षराचा. धावणारा गोंधळतो. वाचताना त्याने तिकडे पाहिलंच नव्हतं, कोण पाहतं? लिहिणारी पेन खाली ठेवते आणि म्हणते, जा, बघून ये. एका अक्षरासाठी तो पुन्हा बाहेर धावतो. जर्मन शिकवणाऱ्यांना विचारा, विभक्तीच्या एका अक्षरासाठी कुठलं मूल आपणहून पळतं!

इथली मेख अंतरात आहे. उतारा वर्गातल्याच भिंतीवर लावलात, तर मुलं जागेवरून माना लांब करून वाचतात आणि सगळा खेळ नक्कल करण्यावर येतो. उतारा लांब झाला तर दमणूक होते, भाषा नाही. आणि पहिला येणाऱ्याला बक्षीस ठेवलंत तर अक्षरं गाळून पळापळ होते. म्हणून आधी संपवणाऱ्याला नाही, कमी चुकांना मान द्यायचा. उताऱ्याचं शेवटचं वाक्य मी नेहमी कापते. लिहून झालं की जोडीने शेवट आपला आपण करायचा. त्यामुळे काय लिहिलंय हे वाचून समजून घेणं भागच पडतं.

याचंच शांत भावंड म्हणजे डिक्टोग्लॉस, रूथ वाइनरिब यांनी 1990 च्या सुमारास रुळवलेला प्रकार. शिक्षकाने एक छोटा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. मुलांनी फक्त सुटे शब्द टिपायचे. मग तिघाचौघांनी मिळून तो मजकूर पुन्हा उभा करायचा, शब्दशः नाही, पण व्याकरणशुद्ध. कुणाकडे कर्ता असतो, कुणाकडे क्रियापद, कुणाला नुसता 'म्हणून' ऐकू आलेला असतो. आता भूतकाळ की वर्तमानकाळ यावर ती भांडतात, आणि भांडण व्याकरणाचं असतं.

असं भांडण का हवं, याचा एक पुरावा कॅनडात आहे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे 1965 मध्ये इंग्रजी भाषक मुलांना सगळं फ्रेंचमधूनच शिकवायचा प्रयोग सुरू झाला आणि तिथून तो देशभर पसरला. या प्रकारच्या वर्गांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती. समजणं उत्तम होतं. बोलण्या-लिहिण्यात मात्र त्याच त्या चुका ठाण मांडून बसल्या होत्या. 1985 मध्ये मेरिल स्वेन यांनी यावर बोट ठेवलं: ऐकून समजायला अर्थ पुरतो, व्याकरणाकडे दुर्लक्ष करूनही भागतं, स्वतः बोलायला लागलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं. नुसतं ऐकवत राहिलं की भाषा आपोआप उगवते असं मानणारे आजही भेटतात. ऐकणं भरपूर हवंच, त्यावर माझं दुमत नाही. पण तिथेच थांबणाऱ्यांशी मी वाद घालते.

'फट' हा शब्द आमच्या व्यवसायात खूप वापरतात. एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, म्हणून बोलणं होतं; ही माहितीची फट. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक गाजलेला प्रयोग केला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना वेळापत्रकं, नकाशे, हिशेब असली कामं दिली. त्यांनी फटी तीन प्रकारच्या मानल्या: माहितीची, मताची आणि तर्काची. त्यांचा कल तर्काच्या बाजूने होता आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत मला ते पूर्ण पटतं. दोन चित्रांतले फरक शोधा, ही माहितीची फट. चांगली आहे, पण फरक सापडले की संपली. 'शाळेत गणवेश असावा का' ही मताची फट. यात तीन बोलकी मुलं वर्ग खाऊन टाकतात आणि बाकीचे माना डोलावतात. तर्काच्या फटीत सगळी माहिती सगळ्यांपुढे असते, पण त्यातून काहीतरी काढायचं असतं. चार प्रवासी, तीन गाड्या, एकाला सायंकाळी सहाच्या आत पोचायचंय, एकाला दुसऱ्याचं तोंड बघायचं नाही. कोण कुठल्या गाडीने? इथे भाषा मोजकीच लागते, बुद्धी मात्र स्वतःच्या वयाची वापरता येते. त्या काळ्या मांजरापासून सुटका होते.

शरीराने शिकवायचं व्याकरण मी थोडक्यात उरकते, कारण ते अनेक जण करतात. मोठ्या पुठ्ठ्यांवर एकेक शब्द, एकेका मुलाच्या हातात. रांगेने उभं राहून वाक्य करायचं. जर्मनमध्ये कारण सांगणारा 'वाइल' आला की उपवाक्यातलं क्रियापद शेवटी जातं. तो पुठ्ठा धरलेल्या मुलाला अख्खी रांग ओलांडून टोकाला जावं लागतं, आणि जाताना तो प्रत्येकाला धक्का मारतोच. गंमत म्हणजे आपल्या भाषेत क्रियापद शेवटीच असतं. पण परदेशी भाषेकडे मुलं इंग्रजीच्या खिडकीतून बघायला शिकलेली असतात, म्हणून घरच्याच सवयीचं त्यांना आश्चर्य वाटतं. मेख एवढीच, की कुणी कुठे उभं राहायचं हे शिक्षकाने सांगायचं नाही. रांगेबाहेरच्यांनी सांगायचं, तेही जर्मनमध्ये.

आता ज्याने माझा संताप होतो त्याबद्दल. शब्दशोध! अक्षरांच्या चौकोनात दडलेले शब्द शोधून गोल करा. हा प्रकार परदेशी भाषेच्या वर्गात इतका का बोकाळला आहे ते मला समजत नाही. ज्याला त्या भाषेतला एक शब्दही येत नाही तोही तो सोडवू शकतो, नजर शाबूत असली की झालं. पंधरा मिनिटं शांतता मिळते, हे त्याचं खरं गुपित. त्यापेक्षा शब्दकोडं घ्या, आणि सूचक वाक्यं मुलांनाच लिहू द्या. दुसरं म्हणजे तो 'संस्कृती दिवस': झेंडे रंगवायचे, प्रसिद्ध मनोऱ्याची प्रतिकृती करायची, फोटो काढायचे. उत्साह खरा असतो, पण मनोऱ्याची चर्चा मातृभाषेत होते. आणि पडद्यावरच्या त्या वेगवान प्रश्नमंजूषा, ज्यांत घड्याळ टिकटिकतं आणि पहिली तीन नावं झळकतात. ती तीन नावं प्रत्येक वेळी तीच असतात. बाकीचे बटण दाबायला शिकतात.

फुकटात मिळणाऱ्या दोन गोष्टी मात्र कुणी फोटो काढून पाठवत नाही, कारण त्यांचा फोटो निघत नाही. एक म्हणजे थांबणं. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा आढळलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. परक्या भाषेत तर वाक्य जुळवायलाच तेवढा वेळ लागतो. करून बघा, तीन सेकंदांची शांतता शिक्षकालाच सहन होत नाही. दुसरी म्हणजे चूक दुरुस्त करण्याची तऱ्हा. मुलाने चुकीचं वाक्य म्हटलं की आपण तेच वाक्य बरोबर करून म्हणतो आणि पुढे जातो. सौजन्याची पद्धत. रॉय लिस्टर आणि लैला रान्टा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांबद्दल जे मांडलं ते आमच्या डोळ्यांत अंजन घालणारं होतं: शिक्षक सगळ्यात जास्त याच पद्धतीने दुरुस्ती करतात आणि मुलांवर सगळ्यात कमी परिणाम हिचाच होतो. मुलाला वाटतं, बाई 'हो' म्हणाल्या. त्यापेक्षा त्याचंच वाक्य चुकीच्या शब्दापर्यंत म्हणायचं आणि तिथे भुवई उंचावून थांबायचं. बहुतेकदा पुढचं तो स्वतः सुधारून म्हणतो. अर्थात सोंग चालू असताना मी हेही करत नाही. दीपगृहरक्षकाला कोण अडवणार?

शब्द लक्षात ठेवायचं म्हणाल तर हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्येच विसरण्याचा वेग मोजून ठेवला आहे, आणि सेबास्टियान लाइटनरने 1972 मध्ये कप्प्यांच्या खोक्याची युक्ती लोकप्रिय केली. शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे; आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला पुन्हा पहिल्यात, आणि पुढचे कप्पे कमी वेळा उघडायचे. वर्गात खोकं नको. तासाच्या सुरुवातीला काल, गेल्या आठवड्यात आणि गेल्या महिन्यात आलेले शब्द मिसळून विचारले तरी पुष्कळ.

यंत्राच्या भाषांतराचं काय, हा प्रश्न हल्ली प्रत्येक शिक्षकखोलीत असतो. घरून लिहून आणायचा निबंध आता संपला, हे मान्य करून टाकावं. पण याच निमित्ताने एक चांगलं दार उघडलं आहे. युरोप परिषदेने (काउन्सिल ऑफ युरोप) 2001 मध्ये भाषा किती येते हे सांगणारी, ए-1 ते सी-2 अशा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली होती. 2020 च्या पुरवणी खंडात तिने मध्यस्थीच्या कौशल्यावर बराच भर दिला: एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत, त्याच्या कामापुरतं पोचवणं. मी मुलांना वसतिगृहाची लांबलचक नियमावली जर्मनमध्ये देते. एकाने ती वाचायची आणि तीन वेगवेगळ्या माणसांना सोप्या जर्मनमध्ये सांगायची: रात्री उशिरा पोचणाऱ्याला, कुत्रा बरोबर आणलेल्याला, आणि खोली सोडताना चावी हरवलेल्याला. यंत्र अख्खी नियमावली क्षणात उलथून देतं. कुणाला त्यातल्या कुठल्या दोन ओळी हव्यात, हे त्याला तुम्ही विचारल्याशिवाय सुचत नाही. विचारायचं तर आधी नियमावली कळायला हवी. मुलं यंत्र वापरतात, वापरू देत. काम तरी संपत नाही.

शेवटी राहिला आरोपीचा खेळ, जो भूतकाळासाठी मी कुठल्याही स्वाध्यायापेक्षा वर ठेवते. काल रात्री आठ ते दहाच्या दरम्यान शाळेतून पृथ्वीचा गोल चोरीला गेला. दोन संशयित. दोघांचं म्हणणं, आम्ही तेव्हा एकत्र होतो. त्यांनी दहा मिनिटं बाहेर जाऊन आपली कहाणी जुळवायची. तोवर वर्ग गटागटाने प्रश्न तयार करतो. मग एकाला आत घ्यायचं, उलटतपासणी करायची, आणि नंतर दुसऱ्याला. जबान्यांत फरक पडला की दोषी.

बाहेर दोघं मोठ्या गोष्टी जुळवतात: कुठे गेलो, काय पाहिलं, कधी परतलो. वर्ग बारीक विचारतो. कोण कुठल्या बाजूला बसलं होतं? पाऊस पडत होता का? पैसे कुणी दिले? पहिला संशयित सुचेल ते ठोकतो, आणि अख्खा वर्ग ते लिहून घेतो, कारण दुसऱ्याला त्यातच पकडायचं असतं. एरवी जे मूल टिपण काढत नाही, ते इथे 'डावीकडे' खाली दोन रेघा मारतं. "तू म्हणालास पाऊस नव्हता, तो म्हणाला छत्री उघडली," हे वाक्य एका मुलाने उभं राहून फेकलं तेव्हा त्यात दोन भूतकाळ आणि दोन उपवाक्यं होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

हा खेळ मी माझ्या एका सहकारी मैत्रिणीला सांगितला. ती फ्रेंच शिकवते. नियम सगळे दिले: बाहेरच्याला आतलं ऐकू जाता कामा नये, प्रश्न आधी लिहून तयार हवेत, एका गटाने एकाच विषयावर विचारायचं. तिने करून पाहिला आणि पुढच्याच भेटीत म्हणाली, तुझ्या खेळाला भोक आहे. तिच्या वर्गातल्या संशयिताला अवघड प्रश्न आला की तो खांदे उडवून 'आठवत नाही' एवढंच म्हणे, आणि कायद्याने त्याला कुणी धरू शकत नव्हतं. मग तिने तिथल्या तिथे नियम केला: 'आठवत नाही' फक्त दोनदा चालेल, तिसऱ्यांदा म्हणालास तर अटक. तो नियम मी लगेच उचलला. माझ्या वर्गातली मुलं जरा जास्त बिलंदर असल्यामुळे, आमच्याकडे फक्त एकदाच चालतं.